वादी स्टारचो मालक

दाजी परब गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळच्या मबेलातल्या एका गॅरेजमध्ये, ठोकलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. रविवार, सकाळचे साडेआठ. फोन संदेशचा होता, आमच्या फुटबॉल टीममधल्या.

"सर, दाजी गेले," तो म्हणाला. "वर्कशॉपचं शटर उघडलं, चहा सांगितला, खुर्चीत बसले. चहावाला येईपर्यंत..."

मग त्यानंच विचारलं, "शुक्रवारच्या मॅचचं काय करायचं?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. दाजींच्या माणसांना मात्र पहिल्यांदा हाच सुचणार. दुपारपर्यंत माझा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. बरका गावात पाण्याचा टँकर चालवणारा पठाण, खजुराच्या बागेत काम करणारे बांगलादेशी, मासळी बाजारात बर्फ विकणारा बलुची, मस्कतच्या हमरिया भागातले आमचे जुने लोक, सगळ्यांनी आपापल्या हिंदीत एकच विचारलं, "मालिक का सुना, सच है क्या?" दाजी परब हे नाव त्यातल्या अर्ध्यांना माहीत नव्हतं. मालक म्हणजे वादी स्टारचा मालक.

अमेरिकेत म्हणे टीमचे मालक काचेच्या खोलीत बसून मॅच बघतात. आमचा मालक मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा. त्याच्या मालकीत दोन जाळ्या, तीन बॉल, एक हवेचा पंप आणि एक पांढरा पिकअप होता. कुठल्याही कागदावर त्याचं नाव मालक म्हणून नव्हतं. जो कागद होता तो मीच लिहिलेला, आणि त्यात 'संपर्क' या रकान्यात त्यांचा नंबर होता, एवढंच.

दाजी कुडाळजवळच्या एका गावातले. मस्कतच्या वादी कबीर भागात त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाडीचं काय मोडलं, काय वाचलं हे पाहून रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो अशाच एका गाडीसाठी. पाहतो तर दुरुस्त केलेल्या रेडिएटरांच्या रांगेवर निळ्या जर्स्या वाळत घातलेल्या. मी गाडीचे फोटो काढून वहीत टिपणं लिहीत होतो. एक बुटका, काळासावळा, निळा कव्हरऑल घातलेला माणूस माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि वहीत डोकावत म्हणाला, "अक्षर बरा आसा तुमचा. विंग्लिशीत अर्ज लिव्हशात?"

मी म्हटलं, कसला अर्ज?

"फुटबॉलच्या स्पर्धेचो. आठ टीमी आसत. आमका घेत नाय. म्हणतत तुमची टीम रजिस्टर नाय, सेक्रेटरी नाय."

"मग सेक्रेटरी कोण आहे तुमचा?"

"आता तुमी," दाजी म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

मी पुण्याचा. आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही. तरी अकरा वर्षं मी वादी स्टारचा सेक्रेटरी राहिलो. ते मला शेवटपर्यंत 'सर्व्हेअर' म्हणायचे. मी त्यांना दाजी म्हणायचो, जसे सगळेच म्हणत.

फुटबॉल दाजींनाही कळत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या वर्कशॉपमधली पोरं संध्याकाळी वादीत खेळायची. वादी म्हणजे इथला कोरडा ओढा, वर्षातून एकदोनदा पाऊस झाला की दोन तास वाहणारा. हमरिया आणि वादी कबीर यांच्यामधल्या त्या खडकाळ पात्रात पोरं अनवाणी खेळत आणि दुसऱ्या दिवशी लंगडत कामाला येत. दाजींनी बूट घेऊन दिले. मग बूट आहेत तर जर्सी पाहिजे, जर्सी आहे तर नाव पाहिजे. असं करत ते मालक झाले. ऑफसाइड हा नियम त्यांना मी तरी पाचपन्नास वेळा समजावला असेल. दर वेळी शेवटी ते म्हणायचे, "अरे पण पुढे गेलो तर गुन्हो कसलो? पुढे जावकच तेका आणलो हा ना?"

त्यांना कळत होती ती माणसं, आणि तीही रेडिएटरच्या हिशेबानं. मॅचच्या आधी ते रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मानेला तळहात लावायचे. "पाइपाक हात लावल्याशिवाय गाडी सोडूची नाय," म्हणायचे. ज्याची मान गरम लागली तो बाहेर, मग तो कितीही गयावया करो. आणि हरल्यावर चहा संपेपर्यंत मॅचबद्दल कुणी एक अक्षर बोलायचं नाही. कुणी तोंड उघडलंच तर ते बोट वर करत. "गरम इंजनाचा झाकण उघडू नको. वाफ तोंडार येतली."

चहा संपला की ते स्वतःच सुरुवात करत आणि मग मात्र एकेकाला सोलून काढत. त्यात शिव्या असत, पण त्या शिव्यांचा कुणाला राग आल्याचं मला आठवत नाही. कारण शिवी देताना ते त्या माणसाच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत असत, किंवा त्याच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसलेले असत.

संदेशची गोष्ट या सगळ्यात नमुन्याची. संदेश गुहागरकडचा, एसी दुरुस्तीचं काम करायचा. एका संध्याकाळी वादीत खेळताना त्याला दाजींनी पाहिलं. त्याच्याएवढं वेगानं पळणारं त्या सगळ्या टापूत कुणी नव्हतं. दुसरे मालक, म्हणजे इतर टीमचे पुढारी, अशा पोराला हॉटेलात नेऊन बिर्याणी घालत. दाजींनी त्याला विचारलं, "आवशीक इचारलंस?"

संदेश हसला. तेवीस वर्षांचा मुलगा, आईला काय विचारायचं?

"नंबर दी."

त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. आपण कोण, कुठले, काय करतो हे सांगितलं आणि मग म्हणाले, "तुमचो झिल फुटबॉल खेळता. बरो खेळता. पण हय जमीन खडकाळ आसा. पाय मोडलो तर माका शिव्या घालशात, म्हणान आधी इचारतंय."

पलीकडून ती बाई जे बोलली ते फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. घरात मिळवणारा तो एकटा. थोरला भाऊ अपघातात अधू होऊन घरी बसलेला. "ह्याचा पाय मोडला तर तुम्ही येणार काय आमच्याकडे शेत लावायला?"

"तुमचा बरोबर आसा," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला. संदेशला म्हणाले, "बाकड्यार बस."

तीन महिने त्यांनी त्याला बाकावर बसवलं. त्या तीन महिन्यांत आम्ही चार मॅचेस हरलो. सगळी टीम दाजींच्या मागं लागली होती, मीसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. दर शुक्रवारी मॅच संपली की ते गुहागरला फोन लावायचे. "आज पण खेळलो नाय हां. बसान होतो. पाणी दिल्यान सगळ्यांका." मग त्या बाईंच्या म्हशीची चौकशी, थोरल्या मुलाच्या औषधांची चौकशी. तीन महिन्यांनी एका शुक्रवारी तीच म्हणाली, "अहो, आता खेळवा त्याला. बसून बसून त्याला बाकाची सवय लागेल."

पुढच्या शुक्रवारी संदेश खेळला आणि त्यानं दोन गोल मारले. दाजींचा शुक्रवारचा फोन त्यानंतरही बंद झाला नाही. एकदा खरंच त्याचा घोटा मुरगळला, तेव्हा दाजींनी आधी आईला फोन केला आणि मग त्याला दवाखान्यात नेलं. मी म्हटलं, हे उलटं नाही का? तर म्हणाले, "डॉक्टर खय पळान जाता?"

त्या काळात हमरियात वादी स्टारचं वेड होतं. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारनंतर वादीच्या दोन्ही काठांवर माणसं बसत. गाड्यांच्या टपांवर, भिंतींवर, पाइपांवर. या सगळ्यांचा म्होरक्या होता सायमन. सायमन वसईचा. हमरियाच्या एका लाँड्रीच्या काउंटरवर काम करायचा. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की समोरच्या टीमचा गोलकीपर दचकायचा. इथं डोंगरात पाऊस झाला की ओढ्यात उभ्या केलेल्या गाड्या हलवायला लोक ओरडत सुटतात. सायमननं तीच आमची आरोळी केली. आमच्याकडे बॉल आला की तो एकटा गर्जायचा, "वादी आली!" आणि दोन्ही काठांवरून उत्तर यायचं, "गाड्या काढा!"

दाजी आणि सायमन यांचं मेतकूट होतं असं म्हणता येणार नाही. दोघंही एकमेकांना ऐकवायचे. पण मॅच संपल्यावर सायमन आल्याशिवाय दाजी पिकअप सुरू करत नसत.

मग दाजींनी टीम बरक्याला नेली.

बरका मस्कतच्या पश्चिमेला, समुद्राकाठी, हमरियापासून तासाभराच्या अंतरावर. तिथं दाजींनी त्याआधी दोनेक वर्षं दुसरं लहान वर्कशॉप काढलं होतं. वादीतल्या मैदानाला बांधकामासाठी कुंपण पडणार हे सगळ्यांना कळलं होतंच. पण हमरियाला लागून असलेल्या रुवीत दुसरं मैदान मिळत होतं, आठवड्यातून एक दिवस, दोन टीममध्ये वाटून. मीच अर्ज लिहिला होता. दाजींनी त्या अर्जावर सही केली नाही. एका गुरुवारी संध्याकाळी हमरियातल्या चहाच्या हॉटेलात ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासना खेळ बरक्याक. आमच्या अर्बाबच्या भावाची जागा आसा, खजुराच्या बागेक लागान. तेनी दिली हा."

अर्बाब म्हणजे त्यांचा ओमानी भागीदार. जागा चांगली होती, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

सायमन उठून उभा राहिला. "दाजी, बरक्याला आपलं कोण हाय? तिथं टीमला ओळखतं कोण?"

"वळाख होतली."

"आम्ही दर शुक्रवारी दोन तास जाऊन येऊन करायचे? ज्याच्याकडं गाडी नाय त्यानं काय करायचं?"

"बस करतंय मी. येवा."

"ही टीम काय तुमच्या बापाची हाय?"

दाजींनी कपातला चहा संपवला. "बापाची नाय," ते म्हणाले. "माझी."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या एकदाच ऐकला. तो त्यांनी उच्चारायला नको होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं. सायमननं अंगातली निळी जर्सी सगळ्यांदेखत काढली, टेबलावर टाकली आणि बनियनवर बाहेर निघून गेला. दाजींनी ती जर्सी घडी करून काखेत धरली. माझ्या ऑफिसातल्या एकानं मला सांगितलं होतं, अमेरिकेत मालक टीम एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेतात आणि सोडलेल्या गावातले लोक त्यांना जन्मभर शिव्या देतात. मला ती अतिशयोक्ती वाटली होती. हमरियात ती डोळ्यांनी पाहिली. दाजींच्या पिकअपवर कुणीतरी चुन्यानं 'गद्दार' लिहिलं. ज्या हॉटेलात ते वीस वर्षं चहा पीत होते तिथं पोऱ्या त्यांच्या टेबलाकडे फिरकेनासा झाला. दाजींनी केलेली बस पहिल्या शुक्रवारी रिकामी गेली, दुसऱ्या शुक्रवारी रिकामी गेली, आणि तिसऱ्या शुक्रवारी दाजींनी ती बंद केली. सायमन त्यांच्याशी बोलायचा बंद झाला तो चार वर्षं.

टीम का हलवली हे मला माहीत होतं. खेळाडूंपैकीसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

त्याच्या महिनाभर आधी दाजींनी मला बरक्याला बोलावून घेतलं होतं. त्यांच्या शेजारच्या गावचा एक माणूस तिथं पाण्याचा टँकर चालवायचा. त्याला मी गोविंद म्हणतो, ते त्याचं नाव नव्हे. गुरुवारी दुपारी काम संपवून तो आपल्या खोलीत गेला आणि रविवारी सकाळी कामावर आला नाही म्हणून लोकांनी दार उघडलं, तर तो जाऊन दोन-तीन दिवस झालेले. हृदयविकार. ओळखीचा माणूस म्हणून दाजींना बोलावलं होतं, आणि कागदपत्रांसाठी दाजींनी मला.

सगळे सोपस्कार झाल्यावर पोलिसांनी गोविंदच्या वस्तूंची पिशवी दाजींच्या हातात दिली. त्यात त्याचा फोन होता. पिकअपमध्ये बसल्यावर दाजींनी तो चार्जरला लावला, बराच वेळ बघत राहिले आणि मग माझ्याकडे दिला. "बघ सर्व्हेअर."

गुरुवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंत त्या फोनवर एकही कॉल नव्हता. फोन कंपनीचा एक मेसेज होता, रिचार्जचा.

"शुक्रवारी ह्येका कोणी हाक मारूक नाय," दाजी म्हणाले. "शनवारी पण नाय. हमरियात माणूस तासभर दिसलो नाय तर दहा जण इचारतत. हय काय आसा? शेता, टँकर नि खोली."

एवढंच. तिथून ते अर्बाबच्या भावाकडे गेले आणि जागा बघून आले.

'गद्दार' लिहिलेला पिकअप ते स्वतःच धूत होते त्या सकाळी मी त्यांना म्हटलं, "दाजी, सांगून टाका ना लोकांना. गोविंदचं कळलं तर सायमन उद्या पहिला येईल बरक्याला."

त्यांनी पाइपचं पाणी बंद केलं. "त्येच्या बायलेक मी काय सांगलंय म्हायत आसा? हॉस्पिटलात गेलो, म्हणान. चार माणसा भोवती होती, पाणी दिला, तुझा नाव घेतल्यान. सगळा खोटा. आता मी हमरियात सांगलंय तर रात पडायच्या आधी ता कुडाळात पोचतला. मगे ती बाय उरलेला आयुष्य काय तीन दिवसच मोजीत बसतली? माका शिव्या पडतत त्या पडांदे. गप रव."

मी गप्प राहिलो. पुढं दर शुक्रवारी मी बरक्याला जात होतो आणि येताना हमरियातून जात होतो. लाँड्रीत सायमन दिसायचा, हात करायचा, पण टीमचं विचारायचा नाही. मीही सांगायचो नाही. हे मला जड गेलं, हे कबूल करतो.

बरक्यात पहिल्या मॅचला बघायला सातजण होते. दाजी शुक्रवारी सकाळी पिकअप घेऊन निघायचे आणि खोल्याखोल्यांवर दारं ठोठावायचे. "यल्ला, यल्ला, मॅच है!" कुणी म्हणायचं, मला फुटबॉल कळत नाही. "मेरे को भी नहीं कळता. चलो." त्यांच्या हिंदीत मालवणी इतकं असायचं की बांगलादेशी आणि पठाण दोघांनाही ते सारखंच अगम्य होतं, पण दार ठोठावणं सगळ्यांना कळलं. वर्षभरात शुक्रवारी दुपारी त्या पडीक जागेभोवती माणसांची भिंत उभी राहायला लागली. एखादा नेहमीचा माणूस दिसला नाही तर दाजी मॅच चालू असतानाच कुणालातरी त्याच्या खोलीवर पिटाळत. टायफॉइडनं फणफणलेले दोघं त्या वर्षात असे सापडले.

त्या रविवारी मी मबेलातून थेट हॉस्पिटलात गेलो. मग कुडाळला फोन केला. वहिनी, म्हणजे दाजींची बायको, वर्षातून दोन महिने इकडे येत. एरवी त्या घर आणि बाग बघायच्या. टीमला त्या 'माझी सवत' म्हणत आणि तसं म्हणताना मनापासून चिडलेल्या असत. बातमी त्यांना आधीच कुणीतरी दिली होती. आवाज कोरडा होता.

"भावजी, तेंका कसा आणतात?"

मी सांगितलं. मंगळवारच्या विमानानं गोव्याला, संदेश बरोबर येतोय.

"कोण होता जवळ?"

मी म्हटलं, वर्कशॉपमधली पोरं होती, वहिनी. सगळी जवळ होती. हे खरंच होतं. पण मी ते ज्या घाईनं बोललो, त्यानं मलाच ते खोटं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "पोरांका सांगा, जेवा म्हणान. ते उपाशी रवतले."

शव पेटीत ठेवण्याआधी अंगावर घालायला कपडे लागतात. मी दाजींच्या खोलीवर गेलो, तर खुंटीवर तीन कव्हरऑल आणि दोन लुंग्या. दाजी शुक्रवारी नेहमी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, तो काही सापडेना. कपाट उपसलं, गादीखाली पाहिलं. शेवटी दुकानातून नवा घेऊ असं ठरवून हॉस्पिटलला परत आलो, तर पायऱ्यांवर सायमन उभा होता. हातात लाँड्रीची पारदर्शक पिशवी, तिच्यात घडी केलेला पांढरा शर्ट, त्याला टाचलेली गुलाबी चिठ्ठी.

"हा माझ्याकडं होता," तो म्हणाला. "शनिवारी टाकून गेला."

मग त्यानं सांगितलं. चार वर्षं दाजी दर शनिवारी त्याच्या काउंटरवर एक शर्ट आणून ठेवत आणि दर गुरुवारी घेऊन जात. वादी कबीरमध्ये त्यांच्या घराखाली लाँड्री होती, तरी चालत हमरियात येत. सायमन चिठ्ठी फाडून देई, दाजी ती खिशात घालत. दोघांपैकी कुणी तोंडातून शब्द काढत नसे.

"एकदा पण नाही?"

"एकदा बटण तुटलं होतं. मी लावून दिलं. त्यानं बोट लावून बघितलं नि गेला." सायमन पिशवीकडं बघत होता. "मला वाटायचं, आज बोलेल. त्याला पण तसंच वाटत असेल. टीम का नेली रे त्यानं? तुला माहीत हाय. तुझ्या तोंडावरून मला कायम वाटायचं तुला माहीत हाय."

दाजी असेपर्यंत मी शब्द पाळला होता. तिथं पायरीवर बसून मी सायमनला सगळं सांगितलं, गोविंदचं खरं नाव आणि गाव सोडून. शेवटी तो म्हणाला, "मी पण विचारलं नाय. एक शर्ट घेऊन माणूस चार वर्षं समोर उभा राहतो, नि मी विचारलं नाय."

मग आम्ही दोघं आत गेलो आणि तो शर्ट दिला.

मंगळवारी संदेश दाजींना घेऊन गेला. शुक्रवारची मॅच रद्द करायची का, यावर बरीच चर्चा झाली. विरुद्ध टीमनं स्वतःहून सांगितलं की पुढं ढकलू. बरक्याच्या लोकांनी मात्र निरोप पाठवला की आम्ही येणारच आहोत, खेळा किंवा खेळू नका. तेव्हा खेळायचं ठरलं.

त्या दुपारी बरक्यात मी इतकी माणसं कधी पाहिली नव्हती. हमरियाहून दोन बस आणि कितीतरी गाड्या आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. ते एका बाजूला उभे राहिले, बरक्याचे दुसऱ्या बाजूला, आणि दोघं एकमेकांकडे परक्यासारखे बघत होते. दाजींच्या खुर्चीचं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. बागेतल्या एका माळ्यानं तिच्यावर पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या, मग तो प्रश्न मिटला. म्हातारे अर्बाब आले, "अल्ला यरहमा", म्हणजे देव त्याच्यावर दया करो, असं म्हणाले आणि पांढऱ्या झग्यासकट खाली मातीतच बसले.

मॅच सुरू झाली. बॉल आमच्याकडे आला आणि समोरच्या बाजूनं शंभरेक माणसांनी आरोळी दिली, "वादी आली! गाड्या काढा!"

बंगाली जिभेवर त्याचं 'बादी आली, गारी कारा' झालं होतं. पठाणांचं आणखी काहीतरी. त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. त्याचा अर्थही त्यांना ठाऊक नसावा. दाजींनी शिकवलं, त्यांनी पाठ केलं.

सायमन माझ्या शेजारी होता. त्यानं माझा दंड धरला. "ही माझी हाय," तो म्हणाला. "ही आरोळी माझी हाय." आणि मग तो मैदानाला वळसा घालून पलीकडे गेला, त्या अनोळखी माणसांच्या मधोमध उभा राहिला. बॉल पुन्हा आमच्याकडे आला आणि तो गर्जला, "वादी आली!"

मॅच बरोबरीत सुटली. खेळ तसा सुमारच झाला. निघताना बर्फवाल्या बलुचीनं विचारलं, "अब मालिक कौन?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सायमननं घामेजलेल्या जर्स्यांचं गाठोडं बांधलं आणि आपल्या बसमध्ये टाकलं. "धुऊन गुरुवारी देतो," म्हणाला. ते अजून तसंच चाललंय. मालक कोण, हे अजून ठरलेलं नाही.

माझ्यापुरते दाजी मी शेवटचे पाहिले ते त्यांच्या मृत्यूच्या दोन शुक्रवार आधी. मला आठवडाभराच्या सुट्टीवर पुण्याला जायचं होतं, म्हणून अर्ध्या मॅचमधून निघालो. सांगायला त्यांच्याकडे गेलो, तर दाजी खुर्चीत झोपलेले. हनुवटी छातीवर, दोन्ही हात मांडीवर उताणे. मॅच ऐन रंगात आलेली, चहूकडून आरडाओरडा, आणि हा माणूस गाढ झोपलाय. ऊन कलतं होतं आणि खजुरांच्या शेंड्यांवरून सरळ त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. मी त्यांना हलवायला हात पुढं केला, तर शेजारच्या टँकरवाल्यानं माझा हात धरला.

"सोने दो साब," तो म्हणाला. "आज जुम्मा है."

एरवी दाजींच्या खुर्चीसमोर कुणी उभं राहिलं की ते पायातली चप्पल काढून उगारत. त्या दिवशी टँकरवाला उठला आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी आणखी एक येऊन उभा राहिला, मग तिसरा, चौथा. सगळ्यांची तोंडं मैदानाकडे होती, ओरडणंही चालू होतं. त्यांच्या सावल्या लांबत येऊन दाजींच्या गुडघ्यांवर, मग छातीवर, मग तोंडावर पडल्या. दाजींनी झोपेतच मान जरा सरळ केली.

तेवढ्यात आमचा गोल झाला. ते जागे झाले नाहीत.